धक्का न लावता

मी एक जुनी वखार आहे. खाडीच्या काठी, एक पाय जमिनीवर आणि एक पाण्यात ठेवून उभी आहे. माझा खालचा मजला काळ्या दगडाचा, वरचा लाकडाचा आणि छप्पर पत्र्याचं. पाण्याच्या बाजूला मला दोन उंच दारं आहेत आणि त्या दारांपुढे लाकडी खांबांवर तोललेला एक धक्का आहे. हा धक्का म्हणजे होड्या लागतात तो. दुसरा धक्का, जो माणसांना बसतो किंवा वस्तूंना लागतो, तो वेगळा. मित्रांनो, बोलताना आपण या दोघांत कधी गोंधळ करत नाही. पण एकदा असा गोंधळ झाला आणि त्यापायी माझा, त्या धक्क्याचा आणि दोन म्हाताऱ्या मैत्रिणींचा जीव वर्षभर टांगणीला लागला. ते सांगण्याआधी माझी थोडी ओळख करून देते. म्हाताऱ्या माणसांना आधी स्वतःबद्दल बोलल्याशिवाय चैन पडत नाही, आणि वखारीही त्याला अपवाद नाहीत.

मला बांधलं दोरखंडाच्या एका हट्टी व्यापाऱ्याने. पाण्यात पाया घालू नका, असं त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं. त्याने सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि पाण्यातच पाया घातला. ओहोटी लागली की गवंडी खाली उतरायचे, घाईघाईने दगड बसवायचे, आणि भरतीचं पाणी घोट्याला लागलं की व्यापाऱ्याच्या नावाने बोटं मोडत शिड्या चढायचे. इतक्या शिव्या खाऊन बांधलेली वास्तू सहसा पडत नाही.

मग माझे कामाचे दिवस आले. वरच्या मजल्यावर तागाच्या दोरांची भेंडोळी रचलेली असायची आणि खाली डांबराच्या कढया उकळत असायच्या. माझ्या कपाळावरच्या कप्पीवरून दोर सरसर खाली उतरायचे, ते थेट धक्क्याला लागलेल्या जहाजांत. जहाजांचे कप्तान दाढ्या कुरवाळत आत यायचे, दोर हातावर ताणून बघायचे आणि माझ्याकडे मान वर करून म्हणायचे, "वखार मात्र झकास बांधली आहे." मला त्याचा गर्व वाटायचा. अजूनही वाटतो, खोटं कशाला बोलू?

पुढे नायलॉनचे दोर आले. मोठी जहाजं खाडीत शिरेनाशी झाली. व्यापारी गेला, त्याचा मुलगा माझा मालक झाला. तो स्वभावाने गरीब होता आणि व्यापारात त्याहून गरीब. त्याने वरचा मजला रिकामा ठेवला आणि खालचा एका होडी दुरुस्त करणाऱ्याला भाड्याने दिला. या होडीवाल्याला एक मुलगी होती. मालकालाही एक मुलगी होती, सगळ्यांत धाकटी, म्हणून तिला सगळे बेबी म्हणायचे. या दोन मुलींनी माझ्या अंगणात, म्हणजे त्या धक्क्यावर, अख्खं बालपण काढलं. फळ्यांवर पोटावर पालथं पडायचं आणि फटीतून खालचं पाणी बघत बसायचं, हा त्यांचा आवडता उद्योग. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. मासा दिसला की दोघी किंचाळायच्या आणि नाही दिसला तरी किंचाळायच्या.

मोठ्या झाल्यावर बेबी लग्न करून शहरात गेली. होडीवाल्याची मुलगी इथेच राहिली. वडिलांमागे तिने होड्या दुरुस्त करायचं सोडून एक होडी चालवायला घेतली. पूल इथून फार लांब पडतो, म्हणून पलीकडच्या काठावरची माणसं तिच्याच होडीने ये-जा करतात. इस्पितळातल्या परिचारिका, गिरणीतले कामगार, दप्तरं सांभाळत बसणारी मुलं. सगळे तिला होडीमावशी म्हणतात. वय झालं तरी तिचा आवाज अजून या काठावरून त्या काठावर पोचतो.

वडील गेल्यावर बेबीताई माझ्या मालकीणबाई झाल्या. हो, सत्तरी ओलांडली तरी त्या बेबीच. मित्रांनो, त्यांचं माझ्यावर अतोनात प्रेम आहे, आणि माझ्या हालअपेष्टांना तेच कारणीभूत झालं. गावातल्या कुणीतरी विचारलं, वरच्या मजल्यावर वाचनालय काढू का? त्या म्हणाल्या, नको, भिंतीत खिळे ठोकाल. नृत्याच्या वर्गवाल्या आल्या, तर म्हणाल्या, नको, जमीन झिजेल. व्यायामशाळेवाल्यांना तर त्यांनी दारातही उभं केलं नाही. त्यांना मला आजोबांनी बांधलं तस्संच ठेवायचं होतं. म्हणून त्यांनी कुलूप लावलं. घरातली भारी कपबशी कुणी वापरू नये म्हणून कपाटात मागे सरकवून ठेवतात, तशी मी राहिले. खिडक्या दमट हवेने फुगून चौकटीत घट्ट बसल्या. पत्र्याला भोकं पडली. वर्षातून एकदा बेबीताई यायच्या, धक्क्यावर उभ्या राहायच्या, डोळे पुसायच्या आणि शहरात परत जायच्या.

चालता-बोलता राहिला तो फक्त धक्का, कारण तिथे होडीमावशी होत्या. एखादी फळी कुजली की त्या ती उखडून टाकायच्या आणि हाताला येईल ते लाकूड तिथे ठोकायच्या. मोडलेली होडी, बाकाची पाठ, एकदा तर कुणाच्या तरी कपाटाचं दार. बेबीताईंना त्यांनी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बेबीताई नको म्हणाल्या असत्या, आणि न सांगता केलेल्या कामाला कुणी नको म्हणू शकत नाही. पण पाण्यातले खांब बदलणं त्यांच्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. खांब आतून पोखरत चालले होते. होडी जरा जोरात टेकली की सगळा धक्का कण्हायचा, आणि त्याचं कण्हणं माझ्या भिंतीत यायचं.

शेवटी बेबीताईंचे गुडघे बोलायला लागले. येणं-जाणं जमेना. शहरातल्या एका हॉटेलवाल्यांनी मला विकत मागितलं. समोरची भिंत ठेवू, मागे खोल्या काढू आणि धक्का फक्त आमच्या पाहुण्यांसाठी राहील, असा त्यांचा बेत होता. बेबीताईंच्या मनाला ते पटेना. त्यांनी नगरपालिकेला विचारलं की गावासाठी तुम्ही घेता का? घेत असाल तर हॉटेलवाल्यांना थांबवून ठेवते.

आता खरी गोष्ट सुरू होते.

नगरपालिकेने माहिती घ्यायला एका लिपिकाला पाठवलं. नीटनेटका माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. तो आधी बंदर खात्यात नोकरीला होता आणि नुकताच आमच्या गावात बदलून आला होता. बेबीताई माझ्या दारात काठीवर रेलून उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याला आपली एकमेव अट सांगितली.

"हे बघा, गावाला द्यायला माझी ना नाही. पण धक्का न लावता घ्यायची. एवढं पक्कं लिहून घ्या."

"धक्का न लावता," लिपिकाने मान डोलावली. "समजलं ताई."

त्याला काय समजलं, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, सरळ वाक्य आहे, शेंबडं पोरही समजेल. माझ्या अंगाला कुणी धक्का लावायचा नाही, मोडतोड करायची नाही. पण हा माणूस अर्धं आयुष्य बंदर खात्यात घालवून आलेला. त्याच्या लेखी धक्का म्हणजे होड्या लागतात तो धक्का, त्याला दुसरा अर्थच नाही. त्यात त्याला साधं बोलणं शुद्ध सरकारी भाषेत बसवायची भारी हौस. कचेरीत जाऊन त्याने लिहिलं, 'सदर मालमत्ता धक्का वगळून देण्यास मालक राजी आहेत.'

झालं. वखार गावाची, धक्का बेबीताईंचा. आणि बेबीताई धक्का घेऊन करणार काय? तर हॉटेलवाल्यांना विकणार, दुसरं काय! असा अर्थ गावाने लावला. मी हे सगळं होडीची वाट बघत धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडून ऐकत होते. वाट बघणाऱ्यांना दुसरं काम नसतं, त्यामुळे चर्चा अगदी मन लावून चालायची.

"म्हातारी मोठी पोचलेली निघाली," एकजण म्हणाला.

"अहो, हाडं आपल्याला आणि मलई हॉटेलवाल्यांना," दुसरा म्हणाला.

मी ओरडून सांगितलं असतं की बाबांनो, तसं नाही हो! पण वखारीला तोंड नाही. दारं आहेत, पण त्यांना कुलूप.

होडीमावशींच्या कानावरही हे आलं. त्या वल्हं पाण्यात मारत राहिल्या, जरा जास्तच जोरात. धक्का गेला तर त्यांची होडी लागणार कुठे? काठावर बाकी सगळीकडे चिखल आहे. त्यांचं पोट त्या धक्क्यावर होतं, हे तर खरंच, पण त्यांना झोंबलं ते वेगळंच. माझ्या भिंतीला पाठ लावून त्या एकदा स्वतःशीच पुटपुटल्या, "निदान मला विचारायचं तरी होतंस गं."

त्या वर्षी बेबीताई आल्या. धक्क्यावर उभ्या राहिल्या आणि होडीकडे बघून त्यांनी हात केला. होडीमावशींनी तोंड फिरवलं. बेबीताईंचा हात तसाच वर राहिला आणि मग तो त्यांनी उगाच केसांवरून फिरवला. होडी पुढच्या खेपेला धक्क्याला लागली तेव्हा त्यांनी हाक मारून पाहिली. मावशींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. खाडीच्या पलीकडच्या माणसाची शिंक ऐकू येणाऱ्या मावशींना हाताच्या अंतरावरची हाक ऐकू आली नाही! बेबीताई त्या दिवशी डोळे पुसून नाही, नाक लाल करून परत गेल्या.

तुम्ही म्हणाल, एकदा विचारून टाकायला काय होतं? मीही तेच म्हणत होते. पण रुसलेल्या माणसाला वाटतं की समोरच्याला सगळं ठाऊक आहे. आणि नगरपालिकेकडून बेबीताईंना जे कागद जायचे, त्यांत दर वेळी असायचं, 'आपल्या अटीनुसार विचार चालू आहे.' त्या ते वाचून खूश व्हायच्या. अट पाळतायत ना, मग चांगलंच आहे.

इकडे नगरपालिकेच्या सभागृहात माझ्यावर वादावादी रंगली. अध्यक्षबाई घ्यावी या मताच्या होत्या. त्या धंद्याने दातांच्या डॉक्टर. पाहणीला आल्या तेव्हा त्यांनी माझ्या दाराच्या चौकटीला बोटाने टकटक केलं, फटीतून आत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "कीड वरवर आहे. मूळ शाबूत आहे. काढायची गरज नाही, भरून घेऊ." मला त्या तिथेच आवडल्या.

विरोध होता रंगवाल्यांचा. हे सदस्य म्हणजे गावातल्या रंगाच्या दुकानाचे मालक, नखांच्या कडांना कायम कुठला ना कुठला रंग. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "शाळेचं छप्पर गळतंय. पोरं वर्गात छत्र्या उघडून बसतात. आधी ते बघू, मग या म्हातारीचं बघू." म्हातारी म्हणजे मी. मला राग आला, पण खरं सांगायचं तर माणूस चुकीचं बोलत नव्हता. माझंही छप्पर गळतं, त्यामुळे मला शाळेचं दुःख कळतं.

तोडगा निघेना तेव्हा रंगवाल्यांनीच आव्हान दिलं. "एवढा खर्च करायचाय ना? मग तिच्यात बसून एक सभा तरी घेऊन दाखवा. कुणाच्या डोक्यावर पत्रा पडला नाही तर बघू." अध्यक्षबाईंनी आव्हान उचललं. मालकीणबाईंनाही बोलावलं आणि गावालाही.

किती वर्षांनी माझं कुलूप उघडलं! झाडू फिरले, कोळिष्टकं निघाली, खुर्च्या लागल्या. खिडक्या उघडायचा प्रयत्न झाला, पण एकही हलली नाही, म्हणून पाण्याकडची दोन्ही दारं सताड उघडी ठेवली. माणसं आत आली आणि बोलायला लागली. त्यांचा आवाज माझ्या छताला जाऊन लागला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दगडालाही येतो, तुम्ही विश्वास ठेवा.

बेबीताई पहिल्या रांगेत काठी धरून बसल्या. होडीमावशी सगळ्यांत मागे, दाराला टेकून उभ्या. दोघींनी एकमेकींकडे न बघण्याचं काम फार काळजीपूर्वक चालवलं होतं.

रंगवाले उठले. "माझा साधा प्रश्न आहे. आपण जी जागा घेतोय तिला धक्का नाही. मग या दारांचं करायचं काय? माणूस दारातून बाहेर पाऊल टाकेल तो थेट पाण्यात!"

लोक हसले. बेबीताईंनी भुवया उंचावल्या. "धक्का नाही कसा? तो काय समोर!"

"समोर आहे हो, पण तो तुम्ही ठेवून घेताय."

"मी?"

आता मात्र मागून आवाज आला. त्या काठावर पोचणारा आवाज चार भिंतींत सुटला, तेव्हा माइकवाल्याने दचकून माइककडे पाहिलं.

"तूच! आणखी कोण? अगं, धक्का काय डोक्यावर घेऊन फिरणार आहेस? विकायचा तर विक, तुझा आहे. पण मला एका शब्दाने विचारायचं नाहीस? पोटावर पडून फटीतून पाणी बघायचो ना आपण? ते पण विकलंस?"

बेबीताई काठी टेकत उठल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "वेडी आहेस का? मी कुठे धक्का ठेवून घेतला? मी तर उलट सांगितलं, धक्का न लावता घ्या!"

"तेच ना! धक्का न लावता!"

"हो, धक्का न लावता!"

"म्हणजे धक्का सोडून!"

"अगं, म्हणजे हात न लावता! मोडतोड न करता! मराठी कळत नाही का तुला?"

सभेत एकेक मान लिपिकाकडे वळायला लागली. लिपिकाने खिशातलं एक पेन काढलं, बघितलं, आणि परत ठेवलं. "मी... मी बंदर खात्यातून आलोय," तो म्हणाला.

हसण्याचा असा स्फोट झाला की पत्र्यावरचे बगळे उडाले. रंगवाले तर खुर्चीची पाठ धरून हसत होते. अध्यक्षबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण त्यांना जमलं नाही. होडीमावशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या दाराला टेकूनच उभ्या होत्या. "वर्षभर बोलले नाही मी तुझ्याशी," त्या म्हणाल्या.

"मला वाटलं, म्हातारपणाने तुझे कान गेले," बेबीताई म्हणाल्या. आता हसण्याला बांधच राहिला नाही.

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण रंगवाले डोळे पुसत पुन्हा उठले. हसून झालं तरी माणूस आपला मुद्दा सोडणारा नव्हता.

"ठीक आहे. धक्का आपल्याला मिळाला. पण आता अट अशी झाली ना, की कशालाच धक्का लावायचा नाही? अहो, ते खांब कुजलेत. उद्या धक्का कोसळेल. तो धक्का न लावता दुरुस्त कसा करायचा?"

कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी बेबीताईंकडे पाहिलं. "ताई, याचं काय करायचं? किडलेलं काढल्याशिवाय दात भरता येत नाही."

बेबीताईंची मूठ काठीवर आवळली गेली. "ते मला माहीत नाही. आजोबांनी जसं बांधलं तसंच राहायला हवं. एकदा का बदलायला लागलात की उरतं काय? आज खांब, उद्या फळ्या, परवा भिंत. मी आत्ताच धक्क्यावर उभी राहून आले. आजोबांच्या फळ्या आहेत त्या. त्यांच्या पायाखालच्या. मी त्या काढू देणार नाही, मग तुम्ही घ्या नाहीतर नका घेऊ."

बाई बोलत होत्या ते प्रेमानेच, आणि त्या प्रेमानेच मला आणि धक्क्याला बुडवणार होत्या. पालिका नाही म्हणाली की हॉटेलवाले. हॉटेलवाले आले की मावशींची होडी बंद.

होडीमावशी चालत पुढे आल्या. आता त्यांचा आवाज लहान झाला होता.

"बेबी, तू मघाशी कुठे उभी राहून रडलीस?"

"नेहमीच्याच जागी. टोकाला."

"ती फळी गावातल्या जुन्या सुताराच्या कपाटाचं दार आहे. मी ठोकली."

बेबीताईंनी मान वळवून उघड्या दारातून धक्क्याकडे पाहिलं.

"तिच्या शेजारची माझ्या पहिल्या होडीची. त्यापुढच्या दोन शाळेच्या बाकाच्या. चार वर्षं झाली असतील."

"आजोबांची कुठली मग?"

"एकही नाही गं," होडीमावशी म्हणाल्या. "कधीच गेल्या त्या. एकेक करून. कुजली की काढायची आणि दुसरी बसवायची, नाहीतर तू उभी कुठे राहिली असतीस?"

उघड्या दारांतून खाली पाणी खांबांवर आपटत होतं तेवढाच आवाज. बेबीताई हळूहळू खुर्चीत बसल्या. इतकी वर्षं त्या ज्या फळ्यांवर उभं राहून आजोबांसाठी रडल्या, त्या सगळ्या मैत्रिणीच्या हातच्या होत्या. मला वाटलं, आता त्या चिडतील. पण त्यांनी मावशींच्या हातांकडे पाहिलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू हात लावू दिला असतास?"

बेबीताईंनी नाही अशी मान हलवली. मग पदर नाकाला लावला आणि लिपिकाला हाक मारली. "अहो, लिहून घ्या. माझी अट मी काढून घेते. जिथे लागेल तिथे हात लावा."

लिपिक घाईघाईने पुढे आला आणि पेन उघडून म्हणाला, "ताई, धक्क्यासकट की..."

"धक्क्यासकट!" अख्खी सभा एका सुरात ओरडली.

ठराव मंजूर झाला. रंगवाल्यांनी हात वर केला तो विरोधात. "वखार चांगलीच आहे," ते म्हणाले, "पण शाळेचं छप्पर गळतंय ते गळतंयच, आणि ते कुणीतरी म्हणत राहायला हवं." अध्यक्षबाईंनी शाळेचा विषय पुढच्या सभेत पहिल्या क्रमांकावर घेतला. बाहेर पडताना रंगवाले थांबले आणि माझ्या दारावरून नख फिरवून जुन्या रंगाचा एक पापुद्रा काढून बघितला. विरोध केला म्हणून काय झालं, धंदा तो धंदा.

मग सुतार आले. मित्रांनो, ते दिवस सोपे नव्हते. खांब उपसताना माझ्या पायापर्यंत कळ गेली. खिडक्या उघडेनात तेव्हा त्यांनी चौकटी फोडल्या. पत्रे उचकटले तेव्हा ऊन थेट आत पडलं. धूळ, ठोकाठोक, आरडाओरडा. मी इतकी वर्षं जे धरून ठेवलं होतं, त्यातलं कितीतरी एका ढिगात जाऊन पडलं आणि तो ढीग एका गाडीने उचलून नेला.

बेबीताई त्या आठवड्यात आल्या, पण त्यांना समोर उभं राहून बघवेना. होडीमावशींनी त्यांना हाताला धरून होडीत बसवलं आणि होडी माझ्या भिंतीला लावून धरली. दोघी खाली, डोक्यावर हातोड्यांचा आवाज. बेबीताईंनी हात लांब केला आणि तळवा माझ्या ओल्या दगडावर टेकला. मला त्यांच्या हाताची ओळख पटली. त्या लहान असताना असाच भिंतीला हात लावून धक्क्यावरून चालायच्या, पडू नये म्हणून.

"दुखत असेल का गं हिला?" त्यांनी विचारलं.

"दुखणारच," होडीमावशी म्हणाल्या. "किती वर्षांत कुणी हातच लावला नव्हता."

वर सुतार ओरडला, "ए, खाली कोण आहे? ही फळी धरा जरा!" त्याला ठाऊक नव्हतं खाली कोण बसलंय ते. होडीमावशी उठणार तोच बेबीताई होडीत डगमगत उभ्या राहिल्या, त्यांनी काठी टाकली, दोन्ही हात वर केले आणि नव्या फळीचं टोक धरलं. सुताराने खिळा ठोकला. पहिल्या घावाला त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्याला उघडले. फळी पक्की बसेपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखी कुणीतरी उभी असेल. मोठी माणसं तुम्हाला सांगतील, बघा, पण हात लावू नका. त्यांचं ऐका, ती प्रेमानेच सांगत असतात. पण कधीतरी त्यांना विचारा, की हिची खिडकी शेवटची कधी उघडली होती? आणि ती उघडत नसेल, तर सुताराला बोलवा, फळीचं टोक धरा, खिळे हातात द्या. आम्हाला दुखेल. दुखलं तर दुखू दे, पण हात लावा.